गतीचा धडा मुळापासून: सूत्रांच्या आधी आलेख

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गतीचे नियम हा पहिलाच धडा आहे आणि बरीच मुलं भौतिकशास्त्राला तिथेच घाबरायला लागतात. धड्यातल्या कल्पना मोजून चार-पाच आहेत. अडचण होते ती वेगळ्याच कारणाने. समीकरणं आधी पाठ होतात आणि ती कशाबद्दल बोलतात हे नंतर कधीतरी कळेल म्हणून राहून जातं. मग अकरावीत तेच समीकरण नव्या कपड्यांत समोर आलं की ओळखू येत नाही.

माझं ठाम मत असं की गती शिकताना समीकरण सगळ्यात शेवटी यावं. त्याआधी प्रश्नातलं चित्र, मग वेगाचा आलेख, आणि आलेखातूनच समीकरण. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. शेजारी वही-पेन्सिल ठेवून वाचलात तर जास्त उपयोग होईल. मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांनाही यातलं सगळं जमण्यासारखं आहे.

आधी ठरवा: कुठून मोजायचं आणि कोणती दिशा धन

कोणतीही वस्तू हलते आहे की स्थिर, हे कशाच्या तुलनेत पाहतो त्यावर अवलंबून असतं. गाडीत शेजारी बसलेला प्रवासी तुमच्या दृष्टीने जागचा हललेला नसतो, फलाटावरच्या माणसाच्या दृष्टीने मात्र तो गाडीच्या वेगाने पुढे चाललेला असतो. दोघांचंही बरोबर आहे. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस हाच विचार आकाशाला लावला होता: पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू जशा मागे जाताना दिसतात, तसे फिरणाऱ्या पृथ्वीवरून स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात.

म्हणून गणित हातात घेतलं की पहिलं काम म्हणजे एक सरळ रेघ ओढायची, तिच्यावर संदर्भबिंदू मांडायचा आणि बाणाने धन दिशा दाखवायची. उजवी धन, वरची धन, मुंबईकडची धन, काहीही चालेल. एकदा ठरवलं की त्या गणितात ते बदलायचं नाही, एवढंच पथ्य. चिन्हांचे बहुतेक घोळ ही रेघ न काढल्यामुळे होतात.

अंतर आणि विस्थापन

डेक्कन क्वीनचं उदाहरण घेऊ. १९३० सालापासून धावणारी ही गाडी पुणे ते मुंबई सीएसएमटी हे १९२ किलोमीटरचं अंतर कापते. लोहमार्ग लोणावळ्यावरून बोरघाट उतरतो, कर्जत-कल्याणकडे वळतो आणि मग दक्षिणेला मुंबईत शिरतो. नकाशावर पुणे स्टेशन आणि सीएसएमटी यांना पट्टीने जोडलं तर ती सरळ रेघ साधारण १२० किलोमीटर भरते. १९२ किलोमीटर हे अंतर झालं, म्हणजे प्रत्यक्ष कापलेला मार्ग. साधारण १२० किलोमीटर, पुण्याहून वायव्येकडे, हे विस्थापन झालं.

विस्थापन सांगताना दिशा सांगावीच लागते, म्हणून ती सदिश राशी. अंतराला दिशा नसते, ती अदिश राशी. संध्याकाळी त्याच गाडीने पुण्याला परतलात तर दिवसभराचं अंतर ३८४ किलोमीटर आणि विस्थापन शून्य. हे शून्य मुलांना पटत नाही, कारण दमणूक तर झालेली असते. विस्थापनाला मधल्या प्रवासाशी कर्तव्यच नाही. सुरुवातीची जागा आणि शेवटची जागा एवढ्या दोनच गोष्टी ते पाहतं.

चाल, वेग आणि सरासरीचा सापळा

अंतराला काळाने भागलं की चाल मिळते, विस्थापनाला काळाने भागलं की वेग. बोलताना आपण दोन्हीला वेगच म्हणतो. भौतिकशास्त्राच्या पेपरात मात्र हा फरक पाळावा लागतो. डेक्कन क्वीन हा प्रवास सुमारे ३ तास १० मिनिटांत करते असं धरलं तर तिची सरासरी चाल ताशी ६० किलोमीटरच्या आसपास आणि सरासरी वेग ताशी सुमारे ३८ किलोमीटर, वायव्येकडे. गाडी तीच, वेळ तोच, उत्तरं दोन.

एककांचं आधीच उरकून घेऊ. ताशी किलोमीटरचे मीटर प्रति सेकंद करायचे तर ३.६ ने भागायचं, उलट जायचं तर ३.६ ने गुणायचं. एका किलोमीटरमध्ये १००० मीटर आणि तासात ३६०० सेकंद, यातूनच हा ३.६ येतो. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, ही जोडी लक्षात ठेवली तर बाकीच्या उत्तरांचा अंदाज लगेच येतो.

आता सापळा. गावापासून तालुका २४ किलोमीटरवर आहे. जाताना ताशी ६० ने गेलात, येताना ताशी ४० ने आलात. सरासरी चाल किती? दहातले आठजण तरी ५० म्हणतात. हिशोब करून पाहा. जायला २४ मिनिटं लागली, यायला ३६ मिनिटं. ४८ किलोमीटर बरोबर एका तासात, म्हणजे सरासरी चाल ताशी ४८. हळू चालीत जास्त वेळ गेला म्हणून सरासरी तिच्याकडे झुकली. दोन चालींची बेरीज करून दोनने भागणं फक्त दोन्ही चालींना सारखाच वेळ मिळाला असेल तेव्हाच चालतं. सरासरी काढायची म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण काळ, दुसरा कुठला रस्ता पकडायचा नाही.

त्या क्षणाची चाल: बोल्टची शर्यत

सरासरी पूर्ण प्रवासाबद्दल एकच संख्या देते आणि मधलं सगळं झाकून टाकते. ते उघडून बघण्यासाठी उसेन बोल्टच्या विश्वविक्रमी शर्यतीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. १६ ऑगस्ट २००९ ला बर्लिनमध्ये त्याने १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले. सरासरी चाल सेकंदाला १०.४४ मीटर. त्या शर्यतीतल्या दर २० मीटरच्या वेळा नोंदलेल्या आहेत:

पहिले २० मीटर: २.८९ सेकंद
२० ते ४० मीटर: १.७५ सेकंद
४० ते ६० मीटर: १.६७ सेकंद
६० ते ८० मीटर: १.६१ सेकंद
८० ते १०० मीटर: १.६६ सेकंद

प्रत्येक तुकड्यात २० ला त्या वेळेने भागा. सेकंदाला ६.९, ११.४, १२.०, १२.४ आणि १२.० मीटर अशा चाली येतात. शर्यतीची सरासरी १०.४४ असली तरी शेवटच्या चारही तुकड्यांत तो त्याहून जोरात पळत होता. सर्वात जास्त चाल ६० ते ८० मीटरच्या पट्ट्यात होती आणि शेवटच्या २० मीटरमध्ये ती थोडी उतरली. शेवटाला तो आणखी जोर काढतो असं बघणाऱ्याला वाटतं, कारण बाकीचे त्याच्याहून जास्त मंदावलेले असतात.

आता हेच तुकडे २० ऐवजी २ मीटरचे केले, मग २ सेंटिमीटरचे केले, तर प्रत्येक तुकड्याची सरासरी चाल ही जवळजवळ त्या क्षणाचीच चाल होईल. तात्कालिक चाल म्हणतात ती हीच. स्कूटरचा काटा ती दाखवतो. अकरावी-बारावीत अवकलन शिकाल तेव्हा हेच तुकडे लहान करत जाण्याचं काम गणिताच्या भाषेत कराल.

त्वरण, आणि वर फेकलेला चेंडू

वेग किती झपाट्याने बदलतो हे त्वरण सांगतं. वेगातला बदल भागिले काळ. एकक मीटर प्रति सेकंद, दर सेकंदाला. लोकलचं त्वरण ०.५ म्हटलं तर अर्थ एवढाच की दर सेकंदाला तिच्या वेगात सेकंदाला अर्ध्या मीटरची भर पडते.

या ठिकाणी थोडं थांबायला हवं, कारण पूर्ण धड्यातली सगळ्यात चिवट गैरसमजूत इथे बसलेली आहे: वेग आणि त्वरण यांना एकच समजणं. ती घालवायला वर फेकलेल्या चेंडूसारखं औषध नाही.

चेंडू सेकंदाला ९.८ मीटर वेगाने सरळ वर फेकला. वरची दिशा धन धरू. हवेचा अडथळा सोडून देऊ. गुरुत्वत्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीमुळे मिळणारं त्वरण, ९.८ असतं आणि खाली, म्हणून ते उणे ९.८. आता दर अर्ध्या सेकंदाला वेगातून ४.९ वजा करत जायचं:

०.० सेकंद: वेग ९.८, उंची ०
०.५ सेकंद: वेग ४.९, उंची सुमारे ३.७ मीटर
१.० सेकंद: वेग ०, उंची ४.९ मीटर
१.५ सेकंद: वेग उणे ४.९, उंची सुमारे ३.७ मीटर
२.० सेकंद: वेग उणे ९.८, उंची ०

एका सेकंदाला चेंडू सर्वोच्च बिंदूवर आहे. वेग शून्य. त्या क्षणी त्वरण किती? बहुतेक मुलं शून्य म्हणतात. तसं असतं तर वेग शून्यावरून बदललाच नसता आणि चेंडू तिथेच हवेत लटकून राहिला असता. वेग क्षणभर शून्यातून जातोय, पण बदलायचा थांबलेला नाही. अर्ध्या सेकंदापूर्वी तो ४.९ होता, अर्ध्या सेकंदानंतर उणे ४.९ आहे. त्वरण पूर्ण दोन सेकंद उणे ९.८ होतं. जाताना, माथ्यावर, येताना, सगळीकडे तेच.

याच यादीत दुसरीही एक गोष्ट पाहा. त्वरण उणे म्हणजे वस्तू मंदावते असं मुलं सरसकट लिहितात. पहिल्या सेकंदात ते खरं आहे. दुसऱ्या सेकंदात त्वरण उणेच आहे आणि चेंडू मात्र जास्त जास्त जोरात खाली येतोय. नियम असा: वेग आणि त्वरण यांची चिन्हं सारखी असली तर चाल वाढते, विरुद्ध असली तर कमी होते. नुसत्या त्वरणाच्या चिन्हावरून काही ठरत नाही.

आलेख: इथे जास्त वेळ द्या

स्थान-काल आलेखात आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर वस्तूचं स्थान. आडवी रेषा म्हणजे वस्तू थांबलेली. सरळ तिरकी रेषा म्हणजे वेग स्थिर, आणि जितका चढ जास्त तितका वेग जास्त. खाली उतरणारी रेषा म्हणजे वस्तू मागे येतेय. सुरुवातीला एक चूक हमखास होते. मुलं आलेखाला रस्त्याचं चित्र समजतात आणि वर चढणारी रेषा पाहून गाडी घाट चढतेय म्हणतात. गाडी सपाट रस्त्यावर असली तरी रेषा चढणारच.

वेग-काल आलेख हा या धड्याचा गाभा आहे. त्यातून दोन गोष्टी वाचायच्या असतात. रेषेचा चढ म्हणजे त्वरण. रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. क्षेत्रफळाचं का, ते एकदा नीट बघा. सेकंदाला २० मीटर वेगाने ५ सेकंद गेलात तर २० गुणिले ५, म्हणजे १०० मीटर. आलेखावर तो २० उंचीचा आणि ५ रुंदीचा आयत आहे. वेग बदलत असेल तेव्हा आलेखाचे उभे बारीक काप करायचे. प्रत्येक कापात वेग जवळजवळ स्थिर, प्रत्येक काप एक अरुंद आयत, सगळ्यांची बेरीज म्हणजे एकूण क्षेत्रफळ. रेषा काळाच्या अक्षाखाली गेली की ते क्षेत्रफळ वजा धरायचं. वरच्या चेंडूचा आलेख काढलात तर अक्षाच्या वर एक त्रिकोण येतो आणि खाली अगदी तेवढाच दुसरा. बेरीज शून्य, कारण चेंडू हातात परत आला.

गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून, भांड्यातून गळणारं पाणी वजन करून काळ मोजला आणि १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक सुंदर नियम मांडला: स्थिर अवस्थेतून निघालेली वस्तू लागोपाठच्या सारख्या काळात १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतरं कापते. वेग-काल आलेखात हा नियम नुसता दिसतो. शून्यातून निघणारी तिरकी रेषा काढा, काळाचे सारखे भाग पाडा. पहिल्या भागात एक त्रिकोण बसतो, दुसऱ्यात तसे तीन, तिसऱ्यात पाच. वरून सोडलेल्या दगडासाठी हे आकडे ४.९, १४.७ आणि २४.५ मीटर.

आता समीकरणं

त्वरण स्थिर असेल तर वेग-काल आलेख ही सरळ रेषा असते. तिच्यातून तीन वाक्यं निघतात.

रेषा वर चढते त्यावरून: अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काळ.

रेषेखालचा समलंब चौकोन म्हणजे एक आयत आणि त्यावर एक त्रिकोण: विस्थापन = सुरुवातीचा वेग × काळ + अर्धा × त्वरण × काळाचा वर्ग. तो अर्धा कुठून आला हे विचारलं की मुलं गप्प होतात. तो त्रिकोणाच्या क्षेत्रफळातला अर्धा आहे.

या दोन्हींतून काळ काढून टाकला की तिसरं: अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन.

तिन्हींवर एकच अट आहे: त्वरण पूर्ण वेळ स्थिर हवं. ती मोडली तर काय होतं ते बोल्टवरच तपासू. त्याला निघायला ०.१४६ सेकंद लागले होते. ते वजा केले तर पहिले २० मीटर सुमारे २.७४ सेकंदांत झाले. त्वरण स्थिर मानून दुसरं समीकरण लावलं की त्वरण ५.३ येतं. ते पहिल्या समीकरणात घातलं तर २० मीटरला त्याचा वेग सेकंदाला १४.६ मीटर निघतो. पूर्ण शर्यतीत तो वेग त्याने कधीच गाठला नाही. आकडेमोड बिनचूक आहे, उत्तर अशक्य आहे. धावपटूचं त्वरण निघताना जबरदस्त असतं आणि पावलागणिक कमी होत जातं, म्हणून तिथे हे समीकरण लावायचंच नाही. गणितात ‘एकसमान त्वरण’ हे शब्द दिसले की त्यांच्याखाली रेघ मारा, सगळी परवानगी त्या दोन शब्दांत आहे.

पट्टीने करायचा प्रयोग

३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. मित्राने ती वरच्या टोकाला धरून उभी लटकवायची. तुमचा अंगठा आणि बोट शून्याच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना, पट्टीला न लागता. मित्र न सांगता पट्टी सोडेल, तुम्ही ती पकडायची आणि अंगठ्यापाशी कोणता आकडा आला तो लिहायचा. पट्टी शून्य वेगाने निघाली म्हणून काळाचा वर्ग = २ × अंतर ÷ ९.८. अंतर मीटरमध्ये घ्यायला विसरू नका. १० सेंटिमीटरवर पकडली तर ०.१४ सेकंद, १५ वर ०.१७, २० वर ०.२०, २५ वर ०.२३.

या आकड्यांकडे पुन्हा बघा. पहिले १० सेंटिमीटर पडायला ०.१४ सेकंद लागले, पुढचे १० फक्त ०.०६ सेकंदांत गेले. त्वरण म्हणजे काय हे बोटांना कळतं ते इथे. पाच-सहा वेळा करून सरासरी घ्या, कारण एखाद्या वेळी आपण मित्राच्या बोटांकडे बघून आधीच हात मिटतो आणि आकडा खोटा लहान येतो.

ब्रेकचं गणित

हाच प्रतिक्रियेचा काळ रस्त्यावर जिवाशी गाठ घालतो. पट्टीची वाट बघत तयार बसलेल्या माणसाला ०.२ सेकंद लागतात. गाडी चालवताना अनपेक्षित काही समोर आलं तर ओळखणं, पाय उचलणं आणि ब्रेक दाबणं मिळून १ सेकंद धरू. कोरड्या रस्त्यावर ब्रेकने मिळणारं त्वरण उणे ६ धरू.

ताशी ५० म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत १४ मीटर गेले, आणि तिसऱ्या समीकरणाने थांबायला आणखी १६ मीटर. एकूण ३०. ताशी १०० ला, जी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींची मर्यादा आहे, पहिला भाग २८ मीटर आणि दुसरा ६४. एकूण ९२ मीटर. वेग दुप्पट, प्रतिक्रियेचं अंतर दुप्पट, ब्रेकचं अंतर चौपट, कारण समीकरणात वेगाचा वर्ग आहे. रस्ता ओला असेल तर उणे ६ मिळणारच नाही आणि ६४ चा आकडा आणखी वाढेल. गाडी शिकणाऱ्या प्रत्येकाकडून हे गणित एकदा स्वतःच्या हाताने सोडवून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

एक पूर्ण गणित, सुरुवातीपासून

लोकल एका स्टेशनातून सुटते. ०.५ त्वरणाने सेकंदाला २० मीटर वेग गाठते, त्या वेगाने ५० सेकंद धावते, मग उणे ०.८ त्वरणाने ब्रेक लावून पुढच्या स्टेशनात थांबते. दोन स्टेशनांमधलं अंतर किती? आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत.

गणितात तीन टप्पे आहेत आणि प्रत्येकात त्वरण वेगळं आहे, म्हणून पूर्ण प्रवासाला एक समीकरण लागणार नाही. वेग-काल आलेख काढा. वेग ० वरून २० वर जायला २० ÷ ०.५ = ४० सेकंद. मग ५० सेकंदांची आडवी रेषा. मग २० ÷ ०.८ = २५ सेकंदांत खाली. आता क्षेत्रफळं: पहिला त्रिकोण ४०० मीटर, आयत १००० मीटर, शेवटचा त्रिकोण २५० मीटर. अंतर १६५० मीटर, वेळ ११५ सेकंद, सरासरी चाल सेकंदाला १४.३ मीटर, म्हणजे ताशी ५२ किलोमीटरच्या जवळपास. उत्तराला शहाणपणाची कसोटी लावा: सरासरी सर्वोच्च वेगापेक्षा, म्हणजे ताशी ७२ पेक्षा, कमी आहे, आणि उपनगरात दोन स्टेशनांमध्ये दीड-पावणेदोन किलोमीटर अंतर शक्य वाटतं.

हाच आलेख पुढे वाढवा. स्टेशनात गाडी ३० सेकंद थांबते असं धरा आणि विचारा की फास्ट लोकलने हे स्टेशन न थांबता सेकंदाला २० मीटर वेगानेच पार केलं तर किती वेळ वाचेल. ३० सेकंद हे उत्तर अपुरं आहे. ब्रेक लावताना २५ सेकंदांत २५० मीटर झाले, ते पूर्ण वेगाने १२.५ सेकंदांत झाले असते. पुन्हा सुटताना ४० सेकंदांत ४०० मीटर झाले, ते २० सेकंदांत झाले असते. थांब्याचे ३०, ब्रेकचे १२.५, वेग घेण्याचे २०, मिळून ६२.५ सेकंद. एक स्टेशन गाळलं की मिनिटापेक्षा जास्त वेळ वाचतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ थांब्यातला नसून त्वरणातला असतो.